मुगाचे पाणी आणि बोम्बायचा कांदा

कन्नडच्या मोंढ्यातील एका परिचित कुटुंबाची कन्या यंदा वैद्यकीय शिक्षणासाठी फिलिपाइन्समधील दावाओ शहरी निघाली आहे. तिच्या मातोश्रींनी या सदराकडे एकच प्रश्न पाठविला आहे : तिकडचे लोक आपल्या घरी काय रांधतात आणि त्यातले आमच्या मुलीला काय चालेल? फी, व्हिसा, वसतिगृह यांविषयी त्यांनी काही विचारलेले नाही. ती चौकशी वडिलांनी केली असणार. (वडीलमंडळींसाठी एवढेच सांगते की राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाची १८ नोव्हेंबर २०२१ ची नियमावली प्रवेशापूर्वी शब्दशः वाचावी. किमान ५४ महिन्यांचे शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत व्हावी, अशी तीत अट आहे.) परंतु आईच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नियमावलीत मिळत नाही.

प्रश्न एका घरापुरता नाही. दावाओ मेडिकल स्कूल फाउंडेशन या संस्थेत भारतीय विद्यार्थी गेली अनेक वर्षे मोठ्या संख्येने शिकत आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातील मुले-मुलीही आहेत. आपल्या समाजातील जी मुले जातात, त्यांच्या बॅगेत खाखरे, मुगाचे पापड, मेथीचा मसाला यांची पाकिटे ठासून भरली जातात. दोन महिन्यांत ती संपतात. त्यानंतर मूल काय खाते, हे फोनवर कोणी खरे सांगत नाही.

तिकडच्या घरगुती स्वयंपाकाला तागालोग भाषेत 'लुतोंग बाहाय' म्हणतात. म्हणजे घरचे रांधलेले. त्याचा पाया भात हा आहे. आपल्याकडे शेतात साळ, पोत्यात तांदूळ आणि ताटात भात असतो. त्यांच्याकडे त्याच तीन अवस्थांना 'पालाय', 'बिगास' आणि 'कानिन' अशी तीन नावे आहेत. भाताबरोबर जे काही लागते त्या सर्वांना मिळून 'उलाम' हा एकच शब्द आहे. आपल्या मराठवाड्यात भाकरीबरोबरच्या पदार्थाला 'कोरड्यास' म्हणतात, तसाच हा शब्द. भाकरी मुख्य, कोरड्यास तिच्या सोबतीला. तिथे भात मुख्य आणि उलाम सोबतीला. मनिलाजवळच्या लोस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने १९६६ साली दिलेले 'आयआर ८' हे बुटके वाण थोड्याच वर्षांत भारतातील शेतांतही पोहोचले. भाताच्या बाबतीत तो देश आपल्याला अगदीच परका नाही.

मातोश्रींना हसू येईल असा एक तपशील. त्या देशात मोठ्या कांद्याला 'सिबुयास बोम्बाय' म्हणतात, अर्थात मुंबईचा कांदा. लहान देशी कांदा तो 'सिबुयास तागालोग'. भारतीय माणसालाही तेथील लोक बोलीत 'बुम्बाय' म्हणतात. मग तो पंजाबातला असो, सिंधमधला असो वा आपल्या घाटमाथ्यावरचा. तेव्हा आपली कन्या तेथे उतरताच 'बुम्बाय' ठरणार आणि बाजारात गेल्यावर आपल्याच नावाचा कांदा नाकारून पुढे जाणार! यात विसंगती आहे असे कोणास वाटेल. कन्नडकरांस ते वाटू नये. आपल्या तालुक्याचे अद्रक दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. आपल्यापैकी कित्येकांच्या आडतीवर हंगामात अद्रकाच्या आणि कांद्याच्या गोण्यांनी चालायला जागा उरत नाही आणि त्याच घरांच्या स्वयंपाकघरात ओले आले वा कांदा वर्षभरात एकदाही येत नाही. सुंठ मात्र डब्यात असते. दुकान आणि चूल यांच्यामध्ये आपल्या पूर्वजांनी एक उंबरठा ठेवला आणि दोन्हीकडचा व्यवहार चोख सांभाळला.

व्यापारी घरांना तेथील आणखी एक गोष्ट आपलीशी वाटेल. गल्लोगल्ली घराच्या खिडकीतच एक छोटे दुकान असते. त्याला 'सारी-सारी' म्हणतात, म्हणजे सटरफटर सर्व काही. तेथे तेल, मीठ, साखर, साबण सर्व सुटे आणि अगदी थोडे मिळते. या सुट्या विक्रीला 'तिंगी' असा शब्द आहे, उधारीला 'उतांग'. उधारीची वही तेथेही असते आणि ती वसूल करताना तेथील मालकिणीलाही जड जाते. हॉस्टेलच्या मुलीला पावशेर मूग आणि वाटीभर तेल हवे असेल तर हेच दुकान तिच्या उपयोगी पडेल.

आता मूळ विषय. प्रत्येक स्वयंपाकात काही पदार्थ सणासाठी असतात, काही पाहुण्यांसाठी. आणि काही असे असतात की जे कोणी पाहुण्यास वाढणार नाही, पण आजारात, थकव्यात, दुःखात घरातला माणूस तेच मागतो. फिलिपिनो घरात तो पदार्थ 'लुगाव' हा होय. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात आल्यासह इतका शिजवायचा की दाण्याची ओळख पुसावी. आपल्या मराठीत पेज, कण्हेरी आणि आटवल असे तीन शब्द आहेत, ते पातळपणाच्या तीन पायऱ्या सांगतात. लुगाव यांपैकी पेज आणि आटवल यांच्या मधला. त्यातच कोंबडीचे मांस घातले की त्याला 'आरोस काल्दो' हे स्पॅनिश नाव मिळते. आपल्या मुलांची अडचण नेमकी येथे होते. कारण आजारी माणसाला प्रेमाने आणून दिले जाते ते बहुधा हेच दुसरे.

दावाओहून शिक्षण पुरे करून परतलेल्या आपल्याच भागातील एका मुलीने सांगितलेली हकीकत येथे नोंदविते. पहिल्याच वर्षी तिला ताप आला. घरमालकीण वयस्क बाई. तेथे भेटल्यावर "जेवलीस का?" असे विचारण्याची रीत आपल्यासारखीच आहे. तागालोगमध्ये "कुमाइन का ना बा?" म्हणतात, दावाओच्या बिसाया बोलीत "निकाओन ना का?" बाईंनी तसे विचारले, उत्तर "नाही" आले आणि तासाभरात त्या आरोस काल्दोचा वाफाळता वाडगा घेऊन दारात उभ्या राहिल्या. मुलीने हात जोडले आणि आपण मांस, मासळी, अंडे खात नाही, हे इंग्रजीत सांगितले. बाई वाडगा घेऊन निमूट परत गेल्या. मुलीला वाटले, आता या पुन्हा बोलणार नाहीत. सायंकाळी त्या दुसरे पातेले घेऊन आल्या : नुसते तांदूळ, पाणी, मीठ आणि आले. आता आल्याचे काय सांगावे? मुलीने तेही सांगितले. बाईंनी विचारले, "तुझे वडील काय करतात?" मुलगी म्हणाली, "अद्रकाचा व्यापार करतात." बाई खो खो हसल्या आणि शेजारणीला बोलावून त्यांनी ते पुन्हा वदवून घेतले. मग मुलीने आपल्या डब्यातली सुंठेची पूड त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती हुंगली, तिसऱ्यांदा तांदूळ धुतले आणि सुंठेचा लुगाव केला. पुढे पाच वर्षे, मुलगी आजारी पडली की तेच.

ही हकीकत मला महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी की नकार कसा द्यावा, हे आपण मुलांना शिकवीत नाही. आपण त्यांना काय खाऊ नये याची यादी देतो. ज्या समाजात समोर आलेले अन्न नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे समजतात, तेथे ती यादी वाचून दाखविली तर कडवटपणा येतो. कारण सांगावे, कपाळावर आठी आणू नये, आणि त्या अन्नाविषयी घृणेचा शब्द तर उच्चारूच नये. ज्यांच्या घरी आपण राहतो त्यांच्या ताटाला नाक मुरडणारा मुलगा व्रत पाळतो आहे, असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडे या जागी मुगाचे पाणी आहे. अठाईच्या पारण्याला पहिला घोट त्याचाच. आयंबिलाच्या ओळीत, तेल-तूप-दूध-साखर सर्व वर्ज्य असताना, मीठ-मिऱ्याचे उकडलेले मूग माणसाला उभे ठेवतात. तिथीला हिरवी भाजी नसते तेव्हा मूगच असतो. बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, परीक्षेच्या दिवशी घाबरलेल्या मुलाला मुगाच्या डाळीची खिचडी. कन्नडच्या घरांत त्याला आणखी दोन प्रवाह येऊन मिळाले. मारवाडातून आलेल्या घरांनी राब, गट्टे आणि मुंगोड्या आणल्या. घाटाखालच्या चाळीसगावकडून वरण-बट्टी चढून आली. आणि इथल्या मातीने ज्वारीच्या ताकातल्या कण्या दिल्या. त्या कण्या आज किती घरांत होतात? माझ्या माहितीतील ज्या आजी त्या उत्तम करतात, त्या सर्व सत्तरीच्या पुढच्या आहेत आणि कुणीही प्रमाण सांगत नाहीत, 'अंदाजाने' म्हणतात. हा अंदाज दावाओला कसा पाठवायचा?

सुदैवाने मूग पाठवावा लागत नाही. मूग तेथे आधीच पोहोचलेला आहे. तेथील बाजारात हिरवा मूग सर्वत्र मिळतो, त्याचे नाव 'मुंगो', आणि तो शब्द आपल्याच मुगाचा नातलग आहे. आंबट लोणच्याला ते 'अत्सारा' म्हणतात, तोही आपल्या 'अचार'चाच प्रवासी भाऊ. 'गिनिसांग मुंगो' हा त्यांचा अत्यंत घरगुती पदार्थ : मूग मऊ शिजवून, लसूण-कांदा-टोमॅटोच्या फोडणीत घालून, वरून शेवग्याचा किंवा कारल्याचा पाला. तो बहुतेक घरांत शुक्रवारी होतो. त्या देशातील सुमारे ८० टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते. मग मूग शिजतो. उपवासकाळ संपला तरी शुक्रवारचा मूग घराघरांत टिकून राहिला. आपली तिथी आणि त्यांचा शुक्रवार यांची गाठ एका पातेल्यात पडावी, हे मला मोठे गमतीचे वाटते. परंतु सावध असावे : त्यांच्या दृष्टीने मासळी हे मांस नव्हे. शुक्रवारच्या मुगातही सुकी वा धुरावलेली मासळी, कोळंबी किंवा 'पातिस' असू शकते.

हे 'पातिस' आणि 'बागोओंग' नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे मासळी मिठात आंबवून काढलेले पाणी, दुसरे म्हणजे मासळी वा बारीक कोळंबीचा आंबवलेला लगदा. आपण मीठ घालतो त्या सहजतेने ते घालतात आणि घातले हे सांगायचे त्यांच्या लक्षातही राहत नाही. 'गुलाय' म्हणजे भाजी. पण गुलाय म्हणून समोर आलेला पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. भेंडी, कारले, भोपळा यांची 'पिनाकबेत' ही इलोकोस प्रांतातली सुंदर मिसळीची भाजी बागोओंगशिवाय सहसा होत नाही. 'वालांग' म्हणजे 'विना'. "वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागोओंग" : मांस नको, मासळी नको, पातिस नको, बागोओंग नको. एवढे चार शब्द मुलीने विमानातच पाठ करावेत. 'शाकाहारी' हा एकच शब्द तिथे पुरणार नाही.

गोड पदार्थांकडे वळले की मात्र मन हलके होते. नारळाचे दूध, चिकट तांदूळ आणि गूळ यांवर तेथील बहुतेक घरगुती गोड उभे आहे. 'सुमान' म्हणजे चिकट तांदूळ नारळाच्या दुधात भिजवून, केळीच्या वा ताडाच्या पानात गुंडाळून वाफवलेला. 'पालिताव' म्हणजे त्याच तांदळाच्या पिठाच्या चपट्या वड्या. उकळत्या पाण्यात त्या वर तरंगल्या की शिजल्या असे समजायचे, आणि नावही त्या वर येण्यावरूनच पडले आहे. वरून खोबरे, साखर, भाजलेले तीळ. आपल्या घरात एखाद्या दिवशी सहज करता येतील. सकाळी डोक्याइतक्या उंच हाळ्या देत 'ताहो' विकणारा येतो : सोयाबीनच्या दुधाचे मऊ, गरम दह्यासारखे थर, त्यावर गुळाचा पाक आणि साबुदाणा. साबुदाण्यास ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी तो वगळून मागावा. 'बिबिंका' मात्र दिसायला आपल्या घावनासारखी भाबडी असली तरी तिच्यात बहुधा अंडे असते. जांभळ्या रंगाची 'उबे' मिठाई कंदाची, तेव्हा प्रश्नच मिटला. 'गाबी' म्हणजे अळकुडी, 'कामोते' म्हणजे रताळे. 'लुम्पिया'च्या पुरणात पुष्कळदा 'तोगे' असते, म्हणजे मोड आलेले मूग. ज्या घरांत मोड अनंतकाय मानून वर्ज्य आहेत त्यांनी तेही लक्षात ठेवावे. गुड फ्रायडेच्या सुमारास बिसाया घरांत 'बिनिग्नित' ही नारळाच्या दुधातली खीर होते, केळी-फणसासह. पण तीत रताळे आणि अळकुडी हमखास असतात.

'चाम्पोरादो'विषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण दावाओ परिसर कोकोच्या लागवडीसाठी त्या देशात प्रसिद्ध आहे. चिकट तांदळाची खीर, पण कोकोच्या वडीने काळीभोर झालेली. पावसाळी सकाळी लहान मुलांना देतात. कोको मूळचा अमेरिकेतला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मेक्सिकोतील अकापुल्को आणि मनिला यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत, त्यांतून तो आला. टोमॅटो, मिरची, भुईमूग हेही मूळचे त्याच खंडातले. आपल्याकडे ती पिके पोर्तुगिजांच्या काळात आली आणि आता त्यांच्याविना आपला स्वयंपाक ओळखू येणार नाही. चाम्पोरादोबरोबर तेथे ताटलीत तळलेली सुकी मासळी ठेवण्याची रीत आहे. ती वेगळी असते, खिरीत नसते. तेव्हा निराळी ताटली मागितली की झाले.

काही अडचणी पदार्थांच्या नसतात. दावाओ विषुववृत्ताजवळ आहे. कन्नडला उन्हाळ्यात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो. तेथे वर्षभर साधारण साडेपाच ते सहाच्या सुमारास. चौविहार पाळणाऱ्या मुलीचे प्रात्यक्षिक पाचला संपले तर हातात जेमतेम अर्धा तास. वर्गमैत्रिणी सातला एकत्र जेवणार, आणि ही पाणीही घेणार नाही. हे रोजचे आहे, पर्युषणापुरते नाही. पाळणे शक्य नाही असे मी म्हणत नाही. पाळणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्या दुपारीच रात्रीचा डबा भरून नेतात आणि ग्रंथालयाच्या पायरीवर साडेपाचला खातात. परंतु हे एकटीने खाणे किती जड असते, ते घरच्यांनी समजून घ्यावे. भारताची वेळ अडीच तास मागे आहे. तेथे साडेपाच वाजतात तेव्हा कन्नडला तीन वाजलेले असतात, दुकानात दुपारची शांतता असते. घरातल्या कुणीतरी त्या वेळी रोज फोन लावावा. मुलीला तेव्हा खाखऱ्यापेक्षा सोबतीची गरज असते.

दूधदुभत्याचाही विचार करावा. तेथील पारंपरिक स्वयंपाकात ताजे दूध आणि दही फारसे नाही. डब्यातले आटवलेले दूध अधिक. ताक, कढी, कण्या यांची सवय असलेल्या जिभेला हे फार जाणवते. त्या जागी नारळाचे दूध आहे, ते स्वस्त आणि ताजे मिळते. आणि मुगाबरोबर ते घेताना द्विदलाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण ते गोरस नव्हे.

मातोश्रींना एक विनंती. बॅगेतील दोन किलो खाखरे कमी करावेत आणि निघण्यापूर्वीच्या महिन्यात मुलीकडून रोज एक वेळचा स्वयंपाक करून घ्यावा, आपण स्वयंपाकघराबाहेर बसून. आणि हे मुलींपुरतेच का? आपली मुले बारावीत असतानाच अद्रकाचा भाव बोटावर सांगतात, पण मुगाला पाणी किती हे त्यांना ठाऊक नसते. परदेशी जाणारा मुलगा उपाशी राहतो किंवा सहा महिन्यांत नेम सोडतो, त्यामागे पुष्कळदा श्रद्धेची कमतरता नसते. त्याला कुकर लावता येत नाही, एवढेच असते.

बरोबर न्यायच्या वस्तू थोड्याच : हिंग, जिरे, मिरे, सुंठेची पूड, हळद, आमसूल आणि छोटा कुकर. बाकी सर्व तेथे आहे. आणि तेथे उतरल्यावर पहिल्या रविवारी करावयाचा मुंगो असा :

एक वाटी हिरवा मूग निवडून, धुऊन दोन तास भिजवावा. रात्रभर नको, मोड फुटू लागतात. चार वाट्या पाणी आणि हळद घालून कुकरमध्ये मऊ शिजवावा आणि पळीने अर्धाच घोटावा. पातेलीत दोन चमचे खोबरेल तेल (तेथे तेच खाण्याचे तेल म्हणून सहज मिळते) तापवून जिरे, हिंग, सहा-सात ठेचलेले मिरे घालावेत. दोन पिकलेले टोमॅटो चिरून परतावेत, त्यांचे पाणी आटू द्यावे. मूग ओतून मीठ आणि पाव चमचा सुंठ घालावी. उकळी आली की अर्धी वाटी नारळाचे दूध घालून आच मंद करावी. जोराने उकळल्यास ते फुटते. मूठभर शेवग्याचा पाला, ज्याला तेथे 'मालुंगाय' म्हणतात, देठे काढून, पाने उलटसुलट पाहून, दोन पाण्यांनी धुऊन अगदी शेवटी टाकावा आणि लगेच गॅस बंद करावा, नाहीतर कडू होतो. वर 'कालामन्सी' पिळावे; ते बोराएवढे हिरवे लिंबू तेथे प्रत्येक बाजारात मिळते. गरम भाताबरोबर दोघींना पुरते. घरमालकिणीला एक वाटी आधी नेऊन द्यावी.